एका बोटानं दाखवा

माझ्या फाइलमध्ये सोनोग्राफीचे रिपोर्ट आहेत, एंडोस्कोपीचा आहे, सीटी स्कॅनची भली मोठी फिल्म आहे. सगळ्यांचा निष्कर्ष एकच : विशेष दोष आढळला नाही. दुखणं मात्र होतं. बेंबीच्या उजवीकडे, थोडं खाली, परकराची नाडी बसते त्याच रेषेत. आठवडा-आठवडा काही नाही, आणि मग फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात उंचावला की अशी कळ यायची की खडू हातातून सुटायचा.

मी तासगावला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पोटदुखी म्हटली की आपल्याकडे आधी खाण्यावर संशय येतो, तसा माझ्याही आला. पित्ताच्या गोळ्या झाल्या, तिखट बंद झालं. सासूबाईंनी ओवा-हिंग दिलं, बेंबी सरकली असेल म्हणून शेजारच्या काकूंकडून पोटही चोळून घेतलं. त्या रात्री तर कूस बदलता येईना. उजवी बाजू म्हणून अपेंडिक्सचा विषय निघाला. ताप नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, तरी एका ठिकाणी ‘काढून टाकू, शंका नको’ असा सल्ला मिळाला. ह्यांनी ठाम नकार दिला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

या तपासण्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पोटाचा क्षयरोग पुष्कळदा लपून बसतो, तो नाही याची खात्री करायलाच हवी होती. कारण नसताना वजन उतरणं, संध्याकाळी ताप चढणं, शौचातून रक्त पडणं किंवा काळी शौच होणं, कावीळ, सारखी उलटी, झोपेतून उठवणारी कळ, यातलं काहीही असेल तर एक दिवसही घरगुती उपायांत घालवू नये. माझ्यात यातलं काहीच नव्हतं. म्हणून मग ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका, डोक्यातून काढून टाका’ हे ऐकावं लागलं. मनाचा आणि आतड्यांचा संबंध खरा आहे. आयबीएस हा आतड्यांचा आजारही खरा आहे. त्याच्या निदानासाठी २०१६ साली ठरलेल्या रोम निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एकदा तरी पोट दुखायला हवं आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध हवा. माझ्या दुखण्याचा तो संबंध कुणी विचारलाच नाही. रिपोर्ट चांगले आले, एवढ्यावरून माझं दुखणं मनाचं ठरवलं गेलं, याचा मला आजही राग आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र एक मोलाची गोष्ट सांगितली : वहीत लिहा. पाळीच्या दिवसांत दुखणं वाढतं का, म्हणजे एंडोमेट्रिओसिसची शंका आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. पाळीशी मेळ बसला नाही. जेवणाशी नाही, शौचाशी नाही. पण वहीत पुन्हा पुन्हा येत होतं ते असं : बादली उचलली. कूस बदलली. स्कूटर स्टँडवर लावली. जोरात शिंकले. फळा.

ती वही मिरजेतल्या एका सर्जननी फाइलच्या आधी वाचली. मग म्हणाले, ‘ताई, कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा.’ मी नेमकं बोट ठेवलं. त्यांनी तिथं आपलं बोट दाबून ठेवलं आणि मला हात छातीवर घेऊन डोकं उशीवरून उचलायला लावलं. कळ दुप्पट झाली. नंतर दोन्ही बाजूंची कातडी चिमटीत धरून पाहिली. डावीकडे काहीच नाही, उजवीकडे आग झाली. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

या तपासणीला कार्नेटची खूण म्हणतात. फिलाडेल्फियाचे सर्जन जॉन कार्नेट यांनी १९२६ साली ती मांडली. पोटाचे स्नायू ताठ केले की आतल्या अवयवांवर कवच येतं आणि बोटाचा दाब तिथवर पोचत नाही. म्हणून दुखणं आतलं असेल तर ते सहसा कमी होतं. वाढलं किंवा तेवढंच राहिलं, तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं. आतल्या अवयवांचं दुखणं बरेचदा मोघम, मधोमध जाणवतं, भिंतीतलं मात्र बोटाच्या टोकावर दाखवता येतं.

छातीच्या मणक्यांपासून निघालेले सातवे ते बारावे मज्जातंतू पोटाच्या भिंतीतून पुढे येतात आणि मधल्या उभ्या स्नायूच्या कडेजवळ जवळजवळ काटकोनात वळून अरुंद वाटेनं कातडीकडे जातात. तिथं एखादा आवळला की त्याच्या टापूतच कळ येते. सोनोग्राफीत किंवा सीटीत हे सहसा दिसत नाही. या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, डॉक्टर थोडक्यात ‘अ‍ॅक्नेस’ म्हणतात.

त्याच जागी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात मी टेबलावरून हाताचा आधार न घेता उठून बसले आणि मला रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, हा उपचारही आहे आणि निदानाचा पुरावाही.

परिणाम काही महिने टिकला, मग ठणका हळूहळू परत आला. दुसरं इंजेक्शन घेतलं. तेही उतरलं तर आवळलेल्या मज्जातंतूचा तेवढा भाग कापण्याची शस्त्रक्रिया असते. नेदरलँड्समधल्या २०१३ सालच्या एका अभ्यासात ४४ रुग्णांपैकी निम्म्यांचा मज्जातंतू खरंच कापला, निम्म्यांना फक्त चीर दिली. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना कळू दिलं नव्हतं. पहिल्या २२ पैकी १६ जणांना चांगला आराम पडला, दुसऱ्या २२ पैकी चौघांना. म्हणजे खात्री नाही, पण आशा भरपूर. दहावीची परीक्षा संपेपर्यंत मी वाट पाहणार आहे. तोवर दुखणं परतलं, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मिरजेला जाऊन शस्त्रक्रिया करून घेईन.