बोअर मारायच्या दिवशी आपण तिथं हवं



उन्हाळा लागला की आपल्या गावांतून बोअरच्या गाड्या फिरू लागतात. कुणाच्या अंगणात, कुणाच्या बांधीत, कुठं ग्रामपंचायतीच्या जागेत खडखडाट सुरू होतो. काही तासांत काम आटोपतं आणि गाडी निघून जाते. मागे उरतो जमिनीवर फूट-दीड फूट दिसणारा पाईप आणि फुटांच्या हिशेबाचं बिल. गटातून उचललेलं कर्ज मात्र वहीत राहतं. बोअर कोरडा गेला तरी हप्ता सुटत नाही, आणि डोक्यावर गुंड घेऊन लांब जाणंही सुटत नाही.

बोअर चांगला की वाईट, हे त्या काही तासांतच ठरतं. नंतर सगळं भुईत गाडलं जातं. म्हणून जमिनीत नळी कशी घालतात आणि त्या दिवशी आपण काय पाहायचं, ते आज समजून घेऊ.

आधी जमीन ओळखू

आपल्या गोंदिया जिल्ह्यात जमीन एकसारखी नाही. वैनगंगा आणि बाघ नदीच्या काठाला गाळाची, रेतीची जमीन सापडते. सालेकसा, देवरी, आमगाव अशा भागात मात्र वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली फार जुना कठीण खडक. भूशास्त्रज्ञ इथल्या अतिप्राचीन खडकाला आमगावच्याच नावानं ओळखतात.

रेतीत पाणी सगळीकडे मुरलेलं असतं, जसं ओल्या कापडात असतं. खडकात तसं नसतं. तिथं पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. म्हणून शेजारणीच्या बोअरला पाणी लागतं आणि आपला वीस पावलांवरचा बोअर धूळ उडवतो. भेग सापडली तर पाणी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू: जास्त खोल म्हणजे जास्त पाणी, असं खडकात होत नाही. खोल जावं तशा भेगा कमी आणि बारीक होत जातात.

ठोकून घालायची नळी

मऊ, रेताड जमिनीत मोठ्या गाडीची गरज नसते. दीड-दोन इंची लोखंडी पाईपच्या खालच्या टोकाला पोलादी अणी लावतात. अणीच्या वर जाळीची नळी असते, तिच्यातून पाणी आत येतं आणि रेती बाहेर राहते. पाईपच्या डोक्यावर जाड लोखंडी टोपी बसवतात, नाहीतर घाव बसून आटे खराब होतात. मग तीन बल्ल्यांची तिवई उभारून कप्पीवरून दोरानं वजन वर ओढायचं आणि टोपीवर सोडायचं. थोडे घाव झाले की पाना लावून पाईप फिरवून सांधा घट्ट करायचा, ओळंबा लावून नळी सरळ आहे का ते पाहायचं. एक पाईप आत गेला की दुसरा जोडायचा. वरची जमीन चिकट असेल तर आधी गिरमिटानं, म्हणजे हातानं फिरवायच्या मोठ्या सामत्यानं, भोक पाडून घेतात.

ही रीत जुनी आहे. 1867-68 साली इंग्रजांची फौज मुंबईहून ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, गेली तेव्हा अशा नळ्या सोबत होत्या. म्हणून इंग्रजीत या विहिरीला ॲबिसिनियाचंच नाव पडलं.

पण हिला दोन मर्यादा आहेत. खडक लागला की अणी वाकते किंवा पाईप तुटतो. आणि पाणी वरून ओढून घेणारी साधी हापशी साधारण 7 मीटर, म्हणजे 22-23 फुटांपर्यंतच पाणी ओढू शकते. मे महिन्यात पाण्याची पातळी त्याखाली जात असेल, तर ही नळी ऐन गरजेच्या वेळी कोरडी पडेल. म्हणून आधी जवळच्या विहिरीत दोर सोडून उन्हाळ्यातली पातळी मोजावी.

खडकातला बोअर

खडकाला गाडीच लागते. 1960 च्या दशकाच्या शेवटी दुष्काळ पडला, तेव्हा युनिसेफनं खडक फोडणारे असे रिग भारतात आणले. यात रॉडच्या खालच्या टोकाला हॅमर असतो आणि त्याला कठीण धातूच्या दाण्यांची बिट. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर चालवते आणि फुटलेल्या खडकाचा भुगा वर फेकते. सुरुवातीला कोरडी धूळ येते, मग ओलसर गोळे, आणि भेग लागली की पाणी उसळतं.

अशा खोल बोअरवर बसते ती आपल्या ओळखीची उंच दांड्याची हापशी, इंडिया मार्क दोन. तिचं मूळ आपल्या महाराष्ट्रातच आहे. जालना आणि सोलापूर इथं आधी मजबूत लोखंडी हापशा तयार झाल्या. सोलापूरच्या हापशीच्या धर्तीवर 1970 च्या दशकात इंडिया मार्क दोन घडली. तिचा सिलिंडर खाली पाण्यात असतो आणि पाणी वर उचलून देतो. म्हणून तिला 7 मीटरची अडचण येत नाही.

बोअरच्या आधी

जागा ठरवताना नारळ किंवा काडी फिरवणाऱ्यावर सगळं सोडू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक जागा पाहून सांगतात. ग्रामपंचायतीमार्फत त्यांना विचारावं. आजूबाजूचे बोअर किती फुटांवर लागले आणि त्यांतले किती उन्हाळ्यात टिकले, याची वहीत नोंद करावी. संडासाच्या खड्ड्यापासून किमान 50 फूट दूर आणि शक्यतो उंचावरची जागा घ्यावी.

उघड्या बोअरमध्ये मुलं पडून जीव गेले, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली नियम घालून दिले. बोअर मारायच्या 15 दिवस आधी लेखी कळवायचं, कामाच्या जागी फलक लावायचा, भोवती कुंपण करायचं, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा आणि तोंडाला घट्ट झाकण बसवायचं. कोरडा गेलेला बोअर तळापासून वरपर्यंत भरून टाकायचा. वर पोतं टाकून किंवा दगड ठेवून भागत नाही.

त्या दिवशी काय पाहायचं

गटातल्या दोघीजणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथं हव्यात. पुरुष मंडळी असली तरी.

एक, एका रॉडची लांबी आधी टेपनं मोजा. मग रॉड आत गेला की एक खडा बाजूला ठेवा. खडे गुणिले रॉडची लांबी म्हणजे खोली. बिल याच्याशी जुळलं पाहिजे.

दोन, प्रत्येक रॉडच्या भुग्याची मूठभर पुडी बांधा आणि वर फूट लिहा. माती कुठं संपली, मुरूम कुठं संपला, पाणी कुठं लागलं, हे त्यावरून कळतं.

तीन, केसिंग. हे सगळ्यात महत्त्वाचं. केसिंग पाईप माती आणि मुरूम पूर्ण ओलांडून पक्क्या खडकात रुतला पाहिजे. तो मुरमातच थांबवला तर पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण पावसाळ्यात नालीचं आणि बांधीतल्या खताचं पाणी सरळ बोअरमध्ये उतरतं. मग हगवण, कावीळ घरात येते. वरून मुरूमही ढासळतो आणि मोटार अडकते. केसिंगच्या बाहेरची फट वरच्या भागात सिमेंटनं बंद करून घ्या.

चार, पाणी लागल्यावर हवा मारून बोअर धुऊन घ्या. पाणी नितळ येईपर्यंत गाडी सोडू नका.

पाच, पाणी किती ते मोजा. वाहत्या पाण्याखाली 15 लिटरची बादली धरा. ती 30 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर, तासाला 1800 लिटर. हापशी तासाला साधारण 700-800 लिटर देते, म्हणजे हापशीला हे पाणी पुष्कळ झालं. मोटार मात्र पाहून घ्यावी. येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त ओढणारी मोटार बसवली तर बोअर वारंवार रिकामा होतो आणि मोटार जळते.

नंतरची काळजी

पिण्याआधी पाणी तपासून घ्या. पाणी दिसायला नितळ असलं तरी त्यात जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराईड असू शकतं. फ्लोराईड लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेलं पाणी पिण्याला चालत नाही. ते उकळूनही जात नाही. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण देण्याची सोय आहे. आपल्या गावात त्या पाचजणी कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा. कुणीच नसतील तर आपल्या गटातून नावं द्या. हापशीच्या ओट्याला भेग पडू देऊ नका, आणि सांडपाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या.

शेवटी एक गोष्ट. बोअर पाणी तयार करत नाही, पावसानं जमिनीत मुरवलेलं पाणी तो वर काढतो. आपले जुने मामा तलाव आणि बोड्या ते पाणी गावातच थांबवतात. तलावाचा गाळ काढायचा विषय ग्रामसभेत निघाला, तर तो आपल्या बोअरचाही विषय आहे हे ध्यानात ठेवून हात वर करा.

आणि गटाच्या वहीत एक पान बोअरसाठी ठेवा. तारीख, एकूण खोली, केसिंग किती फूट, पाणी किती फुटांवर, बादली किती सेकंदांत भरली, हे पाच आकडे त्यावर लिहा. पुढं हापशी बिघडली, पाणी आटलं किंवा बिलावरून वाद झाला, तर हेच पान कामी येईल. भुईत गेलेलं पुन्हा दिसत नाही, म्हणून ते जाताना पाहून आणि लिहून ठेवू या.