अभयदानाचा पूल : झुजियाजियाओच्या जलनगरीत

शांघायच्या गगनचुंबी इमारती मागे टाकून पश्चिमेकडे सुमारे ५० किलोमीटर गेले की देखावा पालटतो. काळ्या कौलांची, पांढऱ्या भिंतींची घरे कालव्याच्या काठाला खेटून उभी असतात. घराघरातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि नावाडी एकाच लांब वल्ह्याने नाव संथपणे पुढे नेत असतो. हे झुजियाजियाओ. यांगत्से नदीच्या दक्षिणेकडील सखल, पाणथळ मुलखात अशी अनेक जलगावे वसली. तेथे पूर्वी पाणी हाच राजमार्ग होता, म्हणून जिथे पाण्याचे फाटे एकत्र येत तिथे पेठ उभी राहत असे.

झुजियाजियाओची भरभराट मिंग राजवटीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. सुती कापड हा तेव्हाचा मुख्य व्यापार. पुढे छिंग काळात तांदळाच्या उलाढालीने गावाला नवे वैभव दिले. माल नावेतून उतरावा आणि चार पावलांवरच्या वखारीत जावा, अशी येथील रचना. जुन्या उत्तर पेठेत आजही हिंडता येते. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंची छपरे जणू एकमेकांना भेटू पाहतात आणि वर आकाशाची केवळ एक चिंचोळी रेघ उरते. आपल्याकडील जुन्या बाजारपेठांत वाढलेल्या व्यापारी कुटुंबांना ही दाटी परकी वाटणार नाही.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १९०३ साली सुरू झालेले छिंगकालीन टपाल कार्यालय आता संग्रहालय झाले आहे. १९१२ साली मा नावाच्या धनिकाने उभारण्यास घेतलेल्या कझी उद्यानाच्या नावातच अध्ययन आणि शेती हे दोन्ही अर्थ गुंफलेले आहेत. अभ्यास करावा, पण जमिनीचा विसर पडू देऊ नये, हा त्या नावाचा बोध. उद्यानात एकीकडे ग्रंथगृह आहे, तर दुसरीकडे भातशेतीसाठी राखलेली जागा. संपत्ती मिळाल्यावर पुढच्या पिढीला काय द्यावे, या प्रश्नाचे एका कुटुंबाने दिलेले हे उत्तर होय.

परंतु जैन प्रवाशाचे पाऊल खऱ्या अर्थाने थबकते ते फांगशेंग पुलापाशी. पाच कमानींचा, सुमारे ७० मीटर लांबीचा हा दगडी पूल १५७१ साली शिंगछाओ नावाच्या बौद्ध भिक्षूने लोकांकडून दान गोळा करून बांधविला. कालांतराने तो ढासळला आणि १८१२ साली पुन्हा उभारला गेला. ‘फांगशेंग’ म्हणजे जीवांना मुक्त करणे. या पुलाखाली जाळे टाकायचे नाही, तिथे फक्त मासे व कासवे पाण्यात सोडायची, असा दंडक परंपरेने चालत आला.

येथे एक योगायोग मनात येतो. हा पूल उभा राहिल्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १५८३ साली, आचार्य हीरविजयसूरी आणि बादशहा अकबर यांची फतेहपूर सिक्री येथे भेट झाली. त्या उपदेशाच्या प्रभावाने पिंजऱ्यातील पक्षी मुक्त झाले आणि डाबर तलावात मासेमारीस मनाई करण्यात आली, असे जैन परंपरेतील ग्रंथ सांगतात. दोन दूरच्या देशांत, दोन भिन्न धर्मपरंपरांत, जवळपास एकाच काळी पाण्यातील मुक्या जीवांना अभय मिळाले.

आज पुलाच्या पायथ्याशी मात्र वेगळे चित्र दिसते. विक्रेते पाण्याने भरलेल्या पिशव्यांत छोटे मासे घेऊन बसतात. प्रवासी पैसे देतो, मासे नदीत सोडतो आणि पुण्य जोडल्याच्या समाधानाने पुढे जातो. भावना निर्मळ असते, यात शंका नाही. पण मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सोडण्यासाठी मासा हवा, म्हणून तो आधी पकडला जातो. कोंडमारा आणि हाताळणी यांत काही जीव दगावतात. उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाल कानाच्या कासवांसारखे परके प्राणी सोडले गेले, तर ते स्थानिक जीवांचे अन्न व आसरा बळकावतात. म्हणूनच २०१७ पासून अमलात आलेल्या चीनच्या सुधारित वन्यजीव कायद्यात, प्राणी निसर्गात सोडताना ते स्थानिक जातीचेच असावेत आणि परिसराची हानी होऊ नये, असे बंधन घातले आहे.

अनुकंपेला जयणेची जोड हवी, असे आपल्याकडे सांगितले जाते, ते याचसाठी. त्या भिक्षूच्या दंडकाचे खरे बळ ‘येथे जाळे टाकू नका’ या शब्दांत होते. त्यात कोणाला काही विकत घ्यावे लागत नव्हते. हाताशी असलेला लाभ मात्र सोडावा लागत होता. डाबर तलावाच्या मनाईचेही मर्म तेच.

प्रवासासाठी दोन शब्द. शांघायच्या १७ क्रमांकाच्या मेट्रोने येथे सहज पोहोचता येते. पेठेतील खाद्यपदार्थांत मांसाचा वापर सर्रास होतो, पानात गुंडाळलेल्या भाताच्या पुरचुंडीतही ते असते, म्हणून विचारल्याशिवाय काही घेऊ नये. ‘सू’ म्हणजे शाकाहारी, हा शब्द लक्षात ठेवावा. चिनी बौद्ध परंपरेच्या शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, ही जैन प्रवाशांसाठी मोठीच सोय. तरीही सोबत घरचा खाकरा असलेला बरा.

सायंकाळी दिवे लागले की पुलाच्या पाच कमानी पाण्यात उतरून पाच पूर्ण वर्तुळे होतात. त्या वेळी पिशवीतला मासा विकत न घेता, केवळ हात जोडून पूल ओलांडणाऱ्या प्रवाशाच्या हातूनही अभयदानच घडलेले असते.