नुसता शाकाहार पुरेसा नाही

दही वगळलं तर नाशिकची मिसळ अस्सल वनस्पतिजन्य असते. तरी ती हृदयाला मानवेल का, हे मोड आलेल्या मटकीपेक्षा तर्री, फरसाण, पाव आणि तळलेल्या पापडावर ठरतं. अमेरिकेतल्या सुमारे 2 लाख आरोग्य-व्यावसायिकांच्या आहाराच्या 2017मधल्या विश्लेषणात हाच फरक दिसला. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं भरपूर खाणाऱ्यांत हृदयरोग कमी होता. मैदा, साखर, गोड पेयांवरच्या वनस्पतिजन्य आहारात उलट जास्त. हे निरीक्षण आहे, पुरावा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण या निरीक्षणाला शरीरक्रियेचा आधार आहे. कडधान्यांतले विद्राव्य तंतू पित्ताम्लं बांधून शरीराबाहेर नेतात, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

प्रथिनांचं काय, असं विचारलं जातं. पेठ-सुरगाण्याकडची नागलीची भाकरी आणि सोबत उडदाची आमटी किंवा कुळथाचं पिठलं रोज असेल, तर ती चिंता बरीच मिटते. बी-12 मात्र यातून मिळत नाही. दूधही सोडणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक गोळी घ्यावीच. शिवाय आहार बदलला म्हणून हृदयाची औषधं परस्पर बंद करू नयेत.