सदोष खाद्यपदार्थ आणि थायरॉइडचे रुग्ण

थायरॉइड ही मानेच्या पुढील भागात असलेली एक लहानशी ग्रंथी आहे. अन्नपाण्यातून मिळणाऱ्या आयोडीनपासून ती जे संप्रेरक तयार करते, त्यावर शरीराची वाढ, बुद्धीचा विकास व हृदयाची गती अवलंबून असते. त्यामुळे एखादा खाद्यपदार्थ बाजारातून परत मागविल्याची बातमी आली की या विकाराच्या रुग्णांच्या मनात शंका निर्माण होणे स्वाभाविक आहे.

महाराष्ट्राला असा अनुभव २०१५ साली आला. मॅगी नूडल्समध्ये शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असल्याच्या अहवालांवरून जून महिन्यात विक्रीस मनाई झाली व कंपनीने देशभरातून माल परत घेतला. १३ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द करून फेरतपासणीचा आदेश दिला. तीन प्रयोगशाळांच्या तपासणीत शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. शिशाचा मुख्य धोका लहान मुलांच्या मेंदूला असतो. त्या प्रकरणाचा थायरॉइडशी थेट संबंध नव्हता.

असा थेट संबंध २००९ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात दिसून आला. तेथे विकले जाणारे एक सोयादूध परत मागविण्यात आले. त्यात समुद्री शेवाळाचा अर्क मिसळल्याने आयोडीनचे प्रमाण अतिशय वाढले होते आणि ते नियमित पिणाऱ्यांना थायरॉइडचे विकार जडले. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचे पीक मोठे आहे, म्हणून हे स्पष्ट करणे आवश्यक वाटते की दोष सोयाबीनचा नव्हता, तर शेवाळातील आयोडीनचा होता. आयोडीन कमी पडणे जसे घातक, तसेच त्याचा अतिरेकही घातक, हा यातील बोध.

परंतु धाराशिव जिल्ह्यातील रुग्णांनी ज्या वस्तूंकडे प्रथम लक्ष द्यावे, त्यांच्यावर बॅच क्रमांक नसतो आणि त्या कोणी परत मागवीत नाही. पहिली वस्तू म्हणजे सुटे खडेमीठ. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशात १७ मे २००६ पासून बंदी आहे. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते. थायरॉइडची गोळी सुरू आहे म्हणून घरातील आयोडीनयुक्त मीठ बंद करू नये. ते झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे.

दुसरी वस्तू म्हणजे कूपनलिकेचे पाणी. शेतातील खते, गोठे व शौचखड्डे यांतून नायट्रेट भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट अधिक असल्यास ग्रंथीत आयोडीन शिरण्यास अडथळा येतो. आहारात आयोडीन अपुरे असेल तर हा परिणाम अधिक जाणवतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. यास्तव ग्रामपंचायतीमार्फत पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्यावी.

पाकीटबंद पदार्थाविषयी शंका आल्यास पाकीट फेकू नये. त्यावरील बॅच क्रमांक व खरेदीची पावती जपून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकासही शुल्क भरून पदार्थाची तपासणी करून घेता येते. पदार्थ सदोष ठरल्यास ते शुल्क परत मिळते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्याही बातमीने घाबरून थायरॉइडची गोळी बंद करू नये. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यावी. त्यानंतर किमान अर्धा तास चहा-दूध घेऊ नये. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. सोयाबीनचे पदार्थही गोळीलगत खाऊ नयेत, कारण त्यांनी औषध नीट शोषले जात नाही. गर्भवतींना तर लोह व कॅल्शियम दिलेच जाते, म्हणून त्यांनी ही वेळ कटाक्षाने पाळावी. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कार्यरत नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावरच होत असते. त्या काळात आईची चुकलेली गोळी ही बाळाची हानी ठरू शकते. दिवस राहिल्याचे कळताच रक्ताची टीएसएच तपासणी करून डॉक्टरांकडून गोळीची मात्रा ठरवून घ्यावी, ही सर्व कुटुंबीयांना विनंती.