बी.पी.ची जडीबुटी : रंग कच्चा की पक्का?

नांदेडच्या इतवाऱ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, चार व्यापारी बंधू एकत्र बसले की मालाच्या भावाआधी आता बी.पी. आणि कोलेस्टेरॉलचा विषय निघतो. आपला धंदाच बैठा. सकाळी दुकान उघडून गादीवर बसायचे ते रात्री शटर ओढेपर्यंत. जेवण अवेळी, चहाला गणती नाही, उधारीची काळजी वेगळी. मशिनीवर बसणाऱ्या शिंपी बंधूंचे हाल याहून निराळे नाहीत. मग कोणीतरी खिशातून मोबाईल काढून आलेला निरोप वाचून दाखवतो : चीनमधला जुना नुस्खा, कोलेस्टेरॉल आणि बी.पी. दोन्हींवर असर, महिन्याभरात गोळी बंद.

यातले शेवटचे दोन शब्द घातक आहेत. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. गोळी बंद केली तरी आठ दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि पुडीचे गुण गात फिरतो. झटका किंवा लकवा आगाऊ चिठ्ठी पाठवून येत नाही.

म्हणून अशा दवेची पारख कशी होते हे समजून घ्यावे. आपल्याला ते अवघड नाही. कापडाचा रंग पक्का आहे की कच्चा, हे आपण दलालाच्या बोलण्यावर ठरवत नाही. थानातून तुकडा फाडतो, त्याचे दोन भाग करतो. एक कोरडा ठेवतो, दुसरा साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवतो आणि दोन्ही शेजारी धरून उजेडात पाहतो. कोरडा तुकडाच ठेवला नाही तर रंग किती उतरला हे कशावरून सांगणार? दवेच्या चाचणीत हेच करतात. अर्ध्या रुग्णांना खरी दवा, अर्ध्यांना दिसायला तशीच पण आत दवा नसलेली गोळी. कोणाला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, आणि उत्तम चाचणीत ते रुग्णालाही माहीत नसते, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. एवढा खटाटोप अशासाठी, की बी.पी. हे मोठे लहरी आहे. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या धास्तीने चढलेले पुढच्या खेपेस आपोआप उतरते. डॉक्टरने दटावले की माणूस मीठ, तूप, बिडी कमी करतो. आकडा खाली येतो तो परहेजामुळे, आणि नाव होते पुडीचे.

आपल्या देशातच याचे मोठे उदाहरण घडले आहे. हकीम मंडळी जिला असरोल म्हणतात ती सर्पगंधेची मुळी. हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनासाठी सलीमुज्जमां सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाला बोलावले. हकीमसाहेब १९२७ मध्ये वारले, पण काम थांबले नाही. १९३१ साली सिद्दीकी यांनी रफत हुसेन सिद्दीकी यांच्यासह या मुळीतून निरनिराळी सत्त्वे वेगळी केली आणि एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन म्हटले. अजमलीनचा उपयोग हृदयाच्या ठोक्यांसाठी झाला. रक्तदाब उतरवणारे सत्त्व वेगळे निघाले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर चालते असे लिहिले. १९३४ मध्ये तिच्या गोळ्या 'सर्पिना' नावाने बाजारातही आल्या.

तरी जगाने मान्य केले ते मुंबईच्या कामानंतर. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवून १९४९ साली आपला निष्कर्ष इंग्लंडच्या हृदयरोगविषयक मासिकात छापला. तो वाचून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मुळी मागवली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातले असली सत्त्व, रेसर्पीन, वेगळे केले. इथे व्यापाऱ्याने लक्ष द्यावे. मुळी जंगलातली, एका पोत्यात सत्त्व जास्त, दुसऱ्यात कमी. वेगळे केलेले सत्त्व मात्र तोलून देता येते.

पुढे अमेरिकेत रेसर्पीनसह तीन दवा एकत्र देऊन चाचणी झाली. रक्तदाब फार वाढलेले १४३ माजी सैनिक होते, त्यांच्या दोन जमाती केल्या. १९६७ मध्ये निकाल आला : नुसती गोळी घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर आजार झाले, दवा घेणाऱ्यांत फक्त २ जणांना. रक्तदाब उतरवला तर जीव वाचतो हे ज्या चाचणीने पक्के केले, तिच्यात आपल्या असरोलचा वाटा होता. तिचे दोषही चाचण्यांतूनच कळले. रेसर्पीनने काहींचे मन खचत असे, नाक चोंदत असे. अधिक सोसणाऱ्या दवा आल्या तशी ती मागे पडली.

दुसरे उदाहरण गुग्गुळाचे. उर्दूत याला मुकल म्हणतात. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग करून तो कोलेस्टेरॉल उतरवतो असे दाखवले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून गुगुलिपिड तयार केले. आपल्या राज्यातल्या मुंबई आणि नागपूरसह सात शहरांत त्याच्या चाचण्या झाल्या. १९८९ मध्ये छापलेल्या अहवालात २०५ रुग्णांचे बारा आठवड्यांचे आकडे आहेत : बहुतेकांचे कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्के उतरले. त्याआधी आठ आठवडे परहेज आणि नुसती गोळी दिली होती, म्हणजे काम निष्काळजीपणाचे नव्हते. पण दवेच्या त्या बारा आठवड्यांत कोरडा तुकडा शेजारी नव्हता. दवा कोणती हे सर्वांना ठाऊक होते.

२००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर दोन तुकड्यांची चाचणी झाली. आठ आठवड्यांनी नुसती गोळी घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल ५ टक्के उतरले होते. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्के चढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. तिथले लोक वेगळे, खाणे वेगळे, हे मान्य. तरी या निकालानंतर डॉक्टरने दिलेली गोळी सोडून मुकलवर विसंबणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

आता चिनी नुस्खा. कोलेस्टेरॉलसाठी सर्वात नावाजलेली चिनी चीज जडीही नाही आणि बुटीही नाही. तो खमीर चढवलेला लाल तांदूळ आहे. त्याच्या अर्काची, 'श्वेझीकांग' नावाने, चीनमध्ये मोठी चाचणी झाली. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ४,८७० रुग्ण, सरासरी साडेचार वर्षे. २००८ मध्ये निकाल छापला. नुसती गोळी घेणाऱ्यांत १०.४ टक्क्यांना पुन्हा झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला. दवा घेणाऱ्यांत ५.७ टक्क्यांना. असर खरा. मात्र तपासले ते हृदयाचे. रक्तदाब उतरवण्याचा दाखला यातून मिळत नाही.

आणि असर का, तेही कळलेले आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७९ मध्ये याच जातीच्या बुरशीतून मोनाकोलिन के हे सत्त्व काढले. १९८७ पासून अमेरिकेत लोवास्टॅटिन नावाने मिळणारी कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे हेच सत्त्व. म्हणजे जो भाई 'इंग्रजी गोळी नको' म्हणून लाल तांदळाची कॅप्सूल घेतो, तो तीच गोळी घेतो, फक्त न तोललेली. किती न तोललेली? २०१० साली अमेरिकेतल्या बारा कंपन्यांच्या कॅप्सूल तपासल्या. एकीत हे सत्त्व ०.१० मिलिग्रॅम, दुसरीत १०.०९ मिलिग्रॅम. एकाच नावाच्या मालात शंभरपट फरक! सुताच्या काउंटात असा फरक निघाला तर आपण गाठोडे परत पाठवू. बारांपैकी चारांत मूत्रपिंडाला अपाय करणारे सिट्रिनीन हे विषही सापडले. २०२४ मध्ये जपानमध्ये लाल तांदळाच्या अशाच गोळ्यांत दुसऱ्या बुरशीची भेसळ होऊन अनेकांची मूत्रपिंडे बिघडली आणि माल परत मागवावा लागला.

डॉक्टरने कोलेस्टेरॉलची गोळी दिली असताना वरून ही कॅप्सूल घेतली तर मात्रा दुप्पट होते, स्नायू आणि यकृत यांना धोका होतो. पुडी चालू असेल तर तिचे वेष्टन डॉक्टरला दाखवा, लपवू नका. बी.पी.ची गोळी महाग पडत असेल तर जनऔषधी दुकानात विचारा, पण स्वतः होऊन बंद करू नका.

जे बंधू असा माल दुकानात ठेवतात त्यांच्यासाठी थोडे. आयुर्वेदिक वा युनानी दवेच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असावाच लागतो. नसेल तर माल घेऊ नये. 'बी.पी. कायमचे बरे' असा बोर्ड किंवा पत्रक लावणे हा १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. रक्तदाब, हृदयविकार आणि मधुमेह ही तिन्ही नावे त्या कायद्याच्या यादीत आहेत. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळी एक वर्षापर्यंत. पत्रक कंपनीने छापून दिले, ही सबब सांगून सुटका होईल या भरवशावर कोणी राहू नये.