स्नेहबंधाची उपपत्ती आणि समुपदेशन

इंग्लिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १४ मुले स्नेहशून्य वृत्तीची होती. पैकी १२ मुलांना बालपणी मातेचा वा मातृस्थानीय व्यक्तीचा दीर्घ वियोग घडला होता. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि स्नेहबंधाच्या उपपत्तीचा उगम अशा निरीक्षणांतच आहे. या उपपत्तीनुसार अपायकारक वर्तन ही पुष्कळदा अव्हेराच्या भीतीपासून बचाव करण्याची जुनी रीत असते. म्हणूनच कोरड्या उपदेशाने ते सुटत नाही. समुपदेशकाने प्रथम ‘सुरक्षित आधार’ व्हावे, असे बोल्बींनी १९८८ च्या ग्रंथात प्रतिपादिले. तो आधार लाभला तरच जुनी भीती तपासून पाहण्याचे धैर्य येते. आणि भीती ओसरली म्हणजे तिच्यापोटी जडलेले वर्तनही पालटू शकते.