काळा पाषाण आणि बॅक्युलाइटीस

बीड जिल्ह्यातील दिंद्रुड परिसरात विहीर खणताना लागणारा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीवर पसरून थिजलेला लाव्हारस होय. शिक्षकांनी त्यात सागरी जीवाश्म शोधू नयेत. लाव्हाच्या थरांमधील गाळात क्वचित आढळणारे शंख गोड्या पाण्यातील असतात. मात्र त्याच सुमारास बॅक्युलाइटीस हा काठीसारख्या सरळ कवचाचा सागरी प्राणी नामशेष झाला. कोकणातल्या माकुळाच्या वर्गातील हा जीव, शाळिग्रामात दिसणाऱ्या चक्राकार अमोनाइटचा भाऊबंद. त्याच्याही कवचाचे आरंभीचे टोक वेटोळेच असे! पुदुच्चेरीजवळच्या खडकांतील त्याच्या एका जातीचे वर्णन एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४६ मध्ये प्रसिद्ध केले. हा संहार मुख्यत्वे अशनीपाताने झाला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्या पाषाणाचा त्यातील वाटा किती, याविषयी वाद अद्याप मिटलेला नाही.